बाळंतपणातच बसवलेली तांबी: चांगली, पण दवाखान्याने सांगायचं ते सांगितलं नाही

धाकट्याच्या वेळी वार पडल्यावर तिथल्या तिथे, टेबलावरच तांबी (कॉपर-टी) बसवून घेतली. तालुक्याचं सरकारी रुग्णालय, खर्च शून्य. तो पोरगा आता अंगणवाडीत जातो, तेव्हा हे चांगलं वापरून झाल्यावरचं मत आहे.

बसवावी का? हो. पण कळा चालू असताना ठरवू नका. मला आशाताईंनी सातव्या महिन्यातच विचारलं होतं, सहीसुद्धा तपासणीच्या दिवशी झाली. (आशाताईंना त्याचे १५० रुपये मिळतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा पावसात त्यांच्यासोबत वाड्यावस्त्या फिरून बघाव्यात.) शेजारच्या टेबलावरच्या पोरीला मात्र सिस्टर ऐन कळांमध्ये विचारत होत्या, "बसवायची ना गं?" ती त्या क्षणी कशालाही हो म्हणाली असती. मला हे अजिबात पटलं नाही.

वार पडल्यापासून दहा मिनिटांत बसवतात. पिशवीचं तोंड उघडंच असतं, त्यामुळे दुखणं कळांपुढे काहीच नाही. एका हाताने लांब चिमट्यातून तांबी थेट पिशवीच्या वरच्या टोकाला नेतात, दुसरा हात पोटावर दाबून ठेवतात. ती वेळ हुकली तर ४८ तासांपर्यंत, नाहीतर मग सहा आठवड्यांनीच. सिझर असेल तर पिशवी शिवायच्या आधी बसवतात. पाणी जाऊन १८ तास उलटले असतील, जंतुसंसर्ग असेल किंवा रक्तस्राव आटोक्यात येत नसेल तर नाही म्हणतात, तिथे हट्ट करू नये.

"तांबी वर चढते, दूध आटतं," हे सासूबाईंचं. तांबीत तांबंच आहे, हार्मोन नाही, दुधाचा संबंध येत नाही. पिशवीला भोक पडणं हजारात एखादीच्या वाट्याला. खरी भानगड निसटण्याची आहे. नंतर बसवलेल्या तांबीपेक्षा बाळंतपणात बसवलेली जास्त निसटते, आणि अंगावरून जात असताना ती पडली तर कळतही नाही. म्हणून सहा आठवड्यांची तपासणी महत्त्वाची.

आणि इथेच दवाखान्याने माती खाल्ली. घरी सोडताना कार्ड दिलं, त्यावर तपासणीच्या तारखेची जागा कोरी. तांबीला खाली दोरे असतात, त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. एके दिवशी अंघोळ करताना बोटाला काहीतरी लागलं, बघते तर गळाच्या तंगुशीसारखा पातळ, पांढरट दोरा बाहेर आलेला. मला वाटलं, तांबीच सुटली! तशीच ओल्या केसांनी नवऱ्याच्या गाडीवर बसून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिशवी आकसली की दोरे खाली येतातच, तांबी जागेवर आहे." कात्रीने जास्तीचा दोरा कापला, झालं. हे एक वाक्य आधी सांगायला काय जात होतं?

अंगावर पाजत होते तोवर पाळी नव्हती. सुरू झाली तेव्हा सुरुवातीचे महिने भलतंच जायचं, ओटीपोटातही दुखायचं. आता बसलंय ताळ्यावर. मुळातच रक्त कमी असलेल्यांनी डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

माझी ३८० ए प्रकारची तांबी आहे, दहा वर्षं चालते. ३७५ मिळते ती पाच वर्षांची. कोणती बसवली ते कार्डावर लिहून घ्याच, तिथे कोणी आपणहून लिहीत नाही. आणि गुप्तरोगापासून ती वाचवत नाही, त्याला निरोधच.

काढण्याचंही विचारून ठेवा. माझ्या जाऊबाईंना त्रास होत होता, त्यांना तिथेच "अजून थोडे महिने बघा" म्हणून दोनदा परत पाठवलं. वास्तविक बाईने काढा म्हटलं की काढायची, कारण पटो न पटो. शेवटी त्यांनी खासगीत पैसे मोजून काढली. दोरा ओढला, मिनिटभराचं काम.

तांबीला साडेचार तारे, अर्धा पाळीपायी कापला. दवाखान्याला अडीच, तेही बसवणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या हातासाठी.