कॅन्सरने मणका खचला: सिमेंट, रेडिएशन की ऑपरेशन?

आधी पाय तपासा. पायांतले बळ कमी होत असेल, बधिरपणा चढत असेल किंवा लघवी अडत असेल, तर तुलना करत बसू नका. मज्जारज्जू दाबला जातोय. त्याच दिवशी पूर्ण पाठीचा एमआरआय आणि डेक्सामेथासोन (सूज उतरवणारे स्टेरॉइड) हवे. दाब एकाच जागी असेल आणि तब्येतीला झेपणार असेल, तर आधी ऑपरेशन, मग रेडिएशन. २००५ च्या चाचणीत असे केल्यावर ८४ टक्के रुग्ण चालू शकले, नुसत्या रेडिएशनने ५७ टक्के. मायलोमा, लिम्फोमा हे रक्तपेशींचे कॅन्सर मात्र रेडिएशनलाच चांगली दाद देतात.

पाय ठीक असतील, तर दुखणे केव्हा वाढते ते पाहा. उठताना, कूस बदलताना कळ येते आणि आडवे झाल्यावर थांबते, ते खचलेल्या हाडाचे दुखणे. तिथे सिमेंट. पालथे झोपवून, सी-आर्म या एक्स-रे यंत्रावर पाहत सुईने मणक्यात काही मिलिलिटर सिमेंट भरतात. आराम बहुधा एक-तीन दिवसांत. फसते ते गळतीमुळे. मणक्याची मागची भिंत फुटलेली असेल तर सिमेंट मज्जातंतूंकडे सरकते. पातळ असतानाच ढकलले तर शिरांतून फुप्फुसातही जाते. बलूनने आधी पोकळी केली (कायफोप्लास्टी) की घट्ट सिमेंट कमी दाबाने भरता येते, गळती कमी होते. खर्च बराच वाढतो, वेदनेत फरक थोडाच. मणका फार चेपला नसेल तर बलूनशिवायची साधी पद्धत पुरते. किमोनंतर प्लेटलेट उतरल्या असतील तर थांबावे लागते. आणि सिमेंटने गाठ मरत नाही, त्यामुळे रेडिएशन बहुतेकांना नंतर लागतेच.

रात्री पडल्यापडल्या ठणकते, ते गाठीचे दुखणे. त्यावर रेडिएशन: एकदाच ८ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या मात्रेचे एकक), किंवा दहा दिवसांत ३० ग्रे. वेदना दोन्हींनी सारखीच कमी होते. एकदाच घेतलेले पुन्हा द्यावे लागण्याची शक्यता जास्त, एवढेच. पेठ-सुरगाण्याहून नाशिकला यायचे असेल तर एकदाचेच मागा. खचल्या मणक्याने रोज घाट चढण्यात काय अर्थ? पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखणे उसळू शकते, आराम दोन-चार आठवड्यांनी. तोवर पट्टा आणि मॉर्फिन.

महात्मा फुले योजनेत बलूनचा खर्च बसतो का, हे भरतीआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) विचारा.

हाडांची झीज रोखणारे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, ४ मिलिग्रॅम, किमान १५ मिनिटांत शिरेतून, हे बहुतेकांना लागते. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासा, आणि किडका दात काढायचा असेल तर आधी काढून जखम भरू द्या.