टायटॅनियमची चपट्या पाठीची दांडी, नऊ महिन्यांनंतर: भांडण दोन मिलिमीटरचं

काल रात्री डाव्या कुशीवर झोपले आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा सकाळी कान ठणकला नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे. तारे द्यायचेच तर दागिन्याला साडेचार देते. मला स्वतःला दोन, तेही चिकाटीबद्दल.

पाळीत दोन्हीकडे एकेक आणि डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक, अशी तीन भोकं एकाच दिवशी टोचून घेतली होती. गनने नाही, सुईने. तिन्हीत एफ१३६ दर्जाचं, म्हणजे शरीरात बसवण्याच्या प्रतीचं टायटॅनियम, मागे फिरकीऐवजी चपटी चकती, पुढे दाबून बसवायचा मणी. धातूचं पुराण पुन्हा लावत नाही. निकेलने ज्यांचे कान चिघळले आहेत त्यांना ते पाठ असतं.

पाळ्यांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे काही घडलंच नाही. उजवीचं कानातलं सहा आठवड्यांनी बदललं. डावीला दहा आठवडे लागले, कारण मी त्याच कुशीवर झोपायचे. म्हणजे एकाच बाईचे दोन कान, एकच दिवस, एकच सुई, तरी तारीख वेगळी. कॅलेंडरवर सहा ते आठ आठवडे मोजा हे ठीकच, पण मी शेवटी खपलीवर गेले. सलग दोन आठवडे दांडीभोवती खपली नाही, लस पाझरत नाही, दाबलं तर दुखत नाही आणि भोकाच्या कडा आत वळल्यासारख्या दिसतात, तेव्हा हात लावला.

आता वरच्या भोकाकडे येते. म्हणजे त्या दांडीच्या लांबीकडे, ज्यावर मी गेले सहा महिने घरातल्या प्रत्येकाचं डोकं खाल्लं आहे.

टोचताना तिथे ८ मिलिमीटरची दांडी घातली होती. माझ्या कानाला ६ पुरते. वरचे दोन मिलिमीटर सुजेसाठी सोडलेले असतात. पहिल्या दिवसांत कान फुगतो आणि दांडी आखूड असेल तर चकती कातडीत रुतते. इथपर्यंत मला मान्य होतं. टोचणाऱ्या मुलीने सांगितलं, "सहा आठवड्यांनी या, दांडी आखूड करून देते." चिठ्ठीवर मात्र छापलं होतं की वरच्या भोकातला दागिना किमान सहा महिने बदलू नये. मला वाटलं, वा! एकीकडे बदलू नका आणि दुसरीकडे बदलायला या. हा दुसरी दांडी गळ्यात मारायचा डाव आहे. दोन सूचनांपैकी जी फुकट होती ती मी पाळली.

त्या दोन सूचना दोन वेगळ्या गोष्टींबद्दल होत्या, हे कळायला चौदा आठवडे आणि एक गाठ लागली. सूज उतरल्यावर त्याच धातूची, त्याच जाडीची, फक्त लांबीने कमी दांडी जाणत्या हाताने, भोक क्षणभरही रिकामं न ठेवता घालणं ही एक गोष्ट. कपड्यांना शोभेल अशी बाळी आपल्या हाताने घालणं ही दुसरी. पहिली जखमेच्या देखभालीत मोडते, दुसरी हौशीत. चिठ्ठीत हे एका ओळीत लिहिता आलं असतं. त्यांनी लिहिलं नाही, याचा राग मी अजून सोडलेला नाही.

दोन मिलिमीटर म्हणजे किती, असं मीही म्हणायचे. तेवढ्यात केस गुंततो, टॉवेलचा धागा अडकतो, कंगवा लागतो. रात्री उशीवर दाब आला की लांब दांडी तरफेसारखी कलते आणि भोकही तिच्यासोबत कलतं. तिसऱ्या महिन्यात मागच्या बाजूला मसुराएवढी लाल गाठ आली. त्या आठवड्यात हे लिहिलं असतं तर दागिन्याला एकच तारा दिला असता. मी सगळा दोष टायटॅनियमवर टाकला.

आणि मग डबीतली जुनी चांदीची बाळी घातली. घरात आहे तर नवीन कशाला! दुखत नव्हतं, खपलीही दिसत नव्हती, म्हणून भोक भरलं असं धरून चालले. पण कातडी दोन्ही तोंडांकडून आत वाढत जाते, मधला भाग सर्वांत शेवटी भरतो. शिवाय वरच्या भागाला आपण हाड म्हणतो ती असते कूर्चा. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, भोवतीच्या आवरणातून झिरपेल तेवढ्यावर तिचं भागतं. म्हणून पाळीचे आठवडे आणि तिचे महिने, सहा ते बारा. चांदी तर ओल्या जखमेत काळी पडते, कधी कातडीवर कायमचा डागही सोडते. माझा डाग वाचला. कारण तिसऱ्या दिवशी सुजलेल्या कानातून बाळी काढली, जुनी दांडी परत घालायला गेले आणि मागचं तोंड सापडेना. अर्ध्या तासात वाट बुजायला लागली होती.

तशीच त्या टोचणाऱ्या मुलीकडे धावत गेले. निमुळत्या पिनेने वाट मोकळी करून तिने ६ मिलिमीटरची दांडी बसवली. तिचा हात हलका होता, हे मान्य करावं लागेल. मग पैशांवरून पंधरा मिनिटं वाद. माझं म्हणणं, दांडी लांब तुम्ही घातलीत, तर आखूड तुम्हीच द्या. तिचं म्हणणं, "ताई, सहाव्या आठवड्यात बोलावलं होतं, तुम्ही चौदाव्यात आलात." बसवण्याचं काही घेतलं नाही, दांडीचे घेतले. तेव्हा तणतणत बाहेर पडले. आता वाटतं, रास्त होतं.

गाठ पाच आठवड्यांत बसली. फक्त लांबी बदलली, औषध शून्य. ती गरम नव्हती, पू नव्हता, ताप नव्हता, म्हणून थांबता आलं. यातलं काही असतं तर सरळ डॉक्टर, आणि तेही दागिना आपल्या मनाने न उपसता. भोक बुजलं की पू आत कोंडतो. भोक थोडं तिरकं झालं ते मात्र झालंच. मणी जरा जमिनीकडे बघतो. लोकांना दिसत नाही. मला दिसतो.

स्वच्छतेत एकच बदल केला. मिठाचं पाणी घरी कालवायचे ते बंद केलं, कारण माझ्या हातून ते दरवेळी खारट व्हायचं आणि कातडी कोरडी पडायची. ०.९ टक्क्यांचं तयार सलाइन आणलं. स्पिरिट नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही. आणि "फिरवत राहा, नाहीतर चिकटेल" हा सल्ला देणाऱ्या सगळ्या मावश्यांना नमस्कार. फिरवलं की सुकलेली खपली आत ओढली जाते, एवढंच होतं.

अर्धा तारा कापला तो मण्यासाठी. त्याची बारीक पिन किंचित वाकवून दांडीत दाबायची असते. कमी वाकवली तर निसटते. एकदा बेसिनमध्ये गेला, तेव्हापासून बेसिनच्या भोकात बोळा घातल्याशिवाय मी कानाला हात लावत नाही. बाकी चपटी चकती म्हणजे सुख आहे. गनच्या कानातल्याची फुलपाखरी फिरकी आणि तिच्या पाकळ्यांत साचणारी घाण ज्यांनी पाहिली आहे त्यांना समजेल.

बाळी वर्ष झाल्यावर घालेन, तीही टायटॅनियमची. धाकट्या बहिणीला पुढच्या महिन्यात टोचायचं आहे आणि तिने माझी ८ मिलिमीटरची दांडी मागितली. "पडूनच आहे ना?" ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात न घातलेला, दुसऱ्याच्या कानातला दागिना ताज्या भोकात घालायचा नसतो, हे मी तिला सांगितलं. तर म्हणाली, डबी तर देशील?