लीन कन्सल्टंटचे सहा महिने: स्टॉपवॉचला पैकीच्या पैकी, पोस्टरला शून्य

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. तीन टर्निंग सेंटर (कॉम्प्युटरवरचे लेथ), दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवरची उभी मिलिंग मशीन), चौदा माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग येतो, त्याची बेअरिंग बसवायची हाउसिंग करून आम्ही पुढं पाठवतो. बाबांनी उभं केलं, सहा वर्षांपासून मी बघते. बाबा अजून रोज अकराला येतात, चहा घेतात आणि काय काय चुकतंय ते सांगतात.

गेल्या वर्षी एका लीन कन्सल्टंटना सहा महिन्यांसाठी घेतलं. लीन म्हणजे वाया जाणारा वेळ, माल आणि खटपट कमी करायची पद्धत. नाव लिहीत नाही. बारा भेटी, अडीच लाख अधिक जीएसटी, निम्मे पैसे आगाऊ. असोसिएशनच्या मीटिंगला भेटेल तो ‘कसा अनुभव?’ म्हणून विचारतो, त्या सगळ्यांना एकदाच सांगते.

आधी चांगलं. सुरुवातीच्या भेटींत सर चार दिवस मशीनशेजारी नुसते उभे राहिले. हातात स्टॉपवॉच, पॅडला लावलेला कागद. ६२०७ नंबरच्या बेअरिंगची हाउसिंग संपवून ६२०८ ची लावायची होती, म्हणजे बोअर (आतलं भोक) ७२ मिलिमीटरवरून ८० ला. मी आधीच छातीठोकपणे सांगून ठेवलेलं, ‘आमच्या मामांना तासाभरात होतं.’ मामा आमचे सेटर, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारे, बावीस वर्षं याच शॉपमध्ये. सरांनी जुन्या जॉबच्या शेवटच्या चांगल्या पीसपासून नव्याच्या पहिल्या चांगल्या पीसपर्यंत वेळ धरला. २ तास ४० मिनिटं.

तो कागद मी अजून ठेवलाय. ८ नंबरची अ‍ॅलन की शोधायला ११ मिनिटं. ती दुसऱ्या मशीनखालच्या टोपलीत होती. सॉफ्ट जॉ (चकमध्ये जॉब पकडणारे मऊ जबडे) धुंडाळून नव्यानं बोअर करायला ३८. इन्सर्टसाठी (टूलला लावायच्या कापणाऱ्या टिकल्या) २०, कारण इन्सर्ट माझ्या केबिनमधल्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये आणि मी बँकेत. पहिला पीस चेक व्हायला ३५ मिनिटं, कारण क्वालिटीचा मुलगा टेम्पो भरत होता. उरलेली ५६ मिनिटं मामांचं खरं काम. म्हणजे बावीस वर्षं आम्ही ‘सेटिंगला वेळ लागतो ओ’ म्हणत होतो तो वेळ सेटिंगचा नव्हताच. त्यातली वीस मिनिटं तर सरळ माझी होती.

सरांनी मग जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांची गोष्ट सांगितली. टोयोटात हजार टनांच्या प्रेसचं सेटिंग चार तासांचं होतं, ते यांनी आधी दीड तासावर आणलं आणि मग तीन मिनिटांवर. बाबा म्हणाले, ‘प्रेस आणि लेथ एकच काय?’ पण युक्ती साधी आहे. जे काम मशीन चालू असताना करता येतं ते मशीन बंद करून करायचं नाही. प्रत्येक जॉबचे तीन जॉ आता वेगळ्या डब्यात, त्यांच्यावर १, २, ३ पंच केलेलं, चकमधली जागा कार्डावर लिहिलेली. लावले की फक्त हलका कट मारायचा. टूल, इन्सर्ट, पान्हे आधीच ट्रॉलीवर. बोअर मोजायचं गेज रिंगवर झिरो करून तयार. किल्ली मामांकडे. दोन महिन्यांत सेटिंग ५० ते ५५ मिनिटांवर आलं, मशीन एकही नवीन न घेता.

याचा फायदा मला वाटलेला त्यापेक्षा वेगळा निघाला. मला वाटलं, वाचलेल्या वेळात जास्त माल काढू. सर म्हणाले, जास्त नको, लॉट लहान करा. आधी सेटिंग लांब म्हणून एका दमात ४०० पीस काढायचो आणि मग ते दुसऱ्या ऑपरेशनला जायचे. मागं एकदा बोअरमध्ये ब्लो होल, म्हणजे ओतताना हवेनं झालेल्या पोकळ्या निघाल्या. ते कळलं दुसऱ्या ऑपरेशनला, तोवर पहिलं ऑपरेशन चारशेच्या चारशेवर झालेलं. कास्टिंगचे पैसे फाउंड्रीनं सोडले, आमची मजुरी गेली ती गेलीच. आता १०० चा लॉट चालतो. मशीनमागची क्रेटची भिंत गेली, चालायला वाट झाली आणि फाउंड्रीला फोन त्याच दिवशी जातो. एवढ्यासाठी अडीच लाख दिले म्हटलं तरी मला महाग वाटत नाही.

इन्सर्टची दोन डब्यांची पद्धतही टिकलीय. दहाचे दोन डबे, एक संपला की कार्ड माझ्या टेबलावर, ऑर्डर जाते, तोवर दुसऱ्यावर काम. सरांनी याला कानबान म्हणत अर्धा तास स्लाइड दाखवल्या. मामांनी एका वाक्यात संपवलं: ‘म्हंजे घरातल्या गॅसच्या दोन टाक्या.’

इथूनच माझी तक्रार सुरू होते. बारा भेटींतल्या चार तरी स्लाइडमध्ये गेल्या. जपानी शब्द पाठ करून घेतले. ‘मुडा’ म्हणजे वाया जाणारं काम, हे ऐकल्यावर कोकणातनं आलेला एक ऑपरेटर म्हणाला, ‘आमच्याकडं मुड्यात भात ठेवतात.’ पुढचा तासभर कोणी गंभीर झालं नाही. जिदोकाचा व्हिडिओ वीस मिनिटांचा: चूक झाली की मशीननं आपणहून थांबायचं. आमचा एक हेल्पर इचलकरंजीचा, घरात माग. तो म्हणाला, ‘ताई, ऑटोलूमवर हेच असतंय की. धागा तुटला की ड्रॉपर पडतो, माग थांबतो.’ गंमत म्हणजे मूळ गोष्टही मागाचीच. साकिची टोयोडांचा धागा तुटल्यावर थांबणारा स्वयंचलित माग १९२४ चा, टोयोटाची मोटार त्यानंतरची. सरांनी व्हिडिओ बंद करून त्या पोराला पुढं बोलावायला हवं होतं. त्यांनी व्हिडिओ पूर्ण केला.

जमिनीवरचा पिवळा टेप कूलंट आणि ट्रॉलीच्या चाकांनी दोन महिन्यांत सोलून निघाला. शेवटी आम्हीच ऑइल पेंट मारला. लॅमिनेट केलेली पोस्टर अकरा, इंग्रजीत. वाचणारी मी एकटी.

आणि लाल टॅगचा प्रकार. वर्षभर न वापरलेल्या वस्तूला लाल टॅग लावायचा, महिन्यानं भंगारात. तत्त्व बरोबर आहे, आमच्याकडं सतरा वर्षं पडलेला कंप्रेसर होता, तो गेला ते बरंच झालं. पण त्यात बाबांचं एक जुनं फिक्स्चरही (जॉब मशीनवर धरून ठेवायचं साधन) गेलं. मी मामांना विचारायला हवं होतं. सरांनीही ‘कोणाला विचारलं का’ एवढं विचारायला हवं होतं, पण त्यांना महिनाअखेरच्या आधीचे-नंतरचे फोटो हवे होते. तीन आठवड्यांनी जुन्या गिऱ्हाइकाची ६० पीसची ऑर्डर आली, त्याच फिक्स्चरची. नवीन करायला ३८ हजार. बाबा दोन दिवस शॉपमध्ये आले नाहीत.

आणखी एक. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाची लीन योजना मार्च २०२३ मध्ये नारायण राणे मंत्री असताना नव्यानं सुरू झाली. बेसिक, इंटरमीडिएट, अ‍ॅडव्हान्स्ड असे तीन टप्पे, अंमलबजावणीच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकारचा आणि महिलेच्या मालकीचा उद्योग असेल तर आणखी ५ टक्के. शॉप माझ्या नावावर आहे. हे मला कळलं पूर्ण पैसे भरून झाल्यावर. सरांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. तुम्ही घेणार असाल तर आधी सरकारची उद्यम नोंदणी काढून योजनेचं पोर्टल बघा, मग कोणाशी बोला.

एकूण पाचपैकी साडेतीन. साडेतीनातले तीन त्या चार दिवसांचे.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला, वर्षभराच्या ऑडिटचं पॅकेज आहे म्हणाले. मी म्हटलं, ऑडिट नको, व्हीएमसीचं सेटिंग अजून पावणेदोन तासांचं आहे, तिथं चार दिवस स्टॉपवॉच घेऊन उभे राहा, लॅपटॉप आणू नका, त्याचे किती? कोटेशन पाठवतो म्हणाले. अजून आलं नाही. मामांनी तोवर माझ्या मोबाइलमधलं स्टॉपवॉच कसं लावायचं ते शिकून घेतलंय.