10×50 दुर्बीण: ऐरोलीच्या गच्चीवरून

10×50 म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 50 मिलिमीटरचं. आधी तक्रार. ठाण्यात स्टेशनजवळच्या एका दुकानातून साडेसहा हजारांना घेतलेला पहिला पीस सदोष निघाला. चंद्राची कोरसुद्धा दुहेरी. दुकानदार म्हणतो, "काका, सवय होईल." एकोणतीस वर्षं रबाळे एमआयडीसीत क्वालिटीला काढलीत, सवय कशाला म्हणायचं आणि रिजेक्शन कशाला, ते मला कळतं. दोन खेपा घातल्यावर बदलून दिला. घेताना दुकानाबाहेर येऊन लांबची पाटी दोन्ही डोळ्यांनी बघा, मगच पैसे द्या.

दुसरा पीस चोख. खरं तर सगळा खटाटोप एका ताऱ्यासाठी होता, एचडी 140283. तूळ राशीत, सुमारे 200 प्रकाशवर्षांवर, प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) 7.2, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. खगोलवाले हेलियमपेक्षा जड सगळ्यालाच धातू म्हणतात, ऑक्सिजनलासुद्धा! (आमच्या लॅबमध्ये असं कोणी बोललं असतं तर हाकललं असतं.) या ताऱ्यात असले धातू फारच कमी, लोखंड सूर्याच्या साधारण अडीचशेव्या हिश्श्याएवढं. आम्ही स्पेक्ट्रोवर (उजेडावरून धातूत काय-काय आहे ते सांगणारं यंत्र) ठिणगी पाडून कास्टिंगच्या चमकत्या रेघा वाचायचो, इथे ताऱ्याच्या उजेडातल्या काळ्या रेघा वाचतात. लोखंडाच्या रेघा फिकट, कारण हा जन्मला तेव्हा लोखंड शिजवणारे तारे फारसे होऊनच गेले नव्हते. 2013 मध्ये हबल या अंतराळ दुर्बिणीच्या मोजमापावरून वय निघालं 1446 कोटी वर्षं, आणि विश्व 1380 कोटींचं! आकड्याला 80 कोटी इकडेतिकडे असा टॉलरन्स होता, तो बातम्यांत कोणी धड छापला नाही. नंतरच्या हिशोबांत वय कमी आलं. गाभ्यातला हायड्रोजन मात्र संपलाय, तारा फुगायला लागलाय, पुढे तांबडा राक्षसी होणार.

मे महिन्यात वळवाची सर पडून हवा धुतली गेली, तेव्हा वॉचमनकडून किल्ली घेऊन साडेदहाला वर गेलो. विशाखातला उत्तरेकडचा ठळक तारा धरला, तिथून पूर्वेला 37 तूळ नावाचा तारा, मग आग्नेयेला जेमतेम अडीच अंश. दोघं एकाच नजरेत मावतात. ठाणे-बेलापूर रोडचा उजेड असूनही वीसेक मिनिटांत सापडला. बारीकसा ठिपका, बस. हिने बघितलं आणि म्हणाली, "एवढुसा?"

वजन किलोभर, मनगटं थरथरतात. कोपर टाकीवर टेकवा, नाहीतर स्टँड घ्या. चष्मेवाल्यांना कडा कापल्यासारख्या दिसतील. पाचपैकी चार. झाकणं सैल आहेत; डावं त्याच रात्री टाकीमागच्या फटीत पडलं, अजून तिथेच आहे.