घरच्या खेळाचे नियम पारखणारे एनीडाइस

मेजाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या रोल-प्लेइंग गेमचे नियम स्वतः रचणाऱ्यांची एक प्रश्न कधीच पाठ सोडत नाही: पात्राला कौशल्याचा एक गुण जास्त दिला, तर त्याचे पारडे नेमके किती जड होते? एनीडाइस हे मोफत संकेतस्थळ याच कामाचे आहे. कोणते फासे टाकायचे ते एका ओळीत लिहून बटण दाबले, की प्रत्येक दान पडण्याची शक्यता टक्क्यांत समोर येते. खातेही उघडावे लागत नाही.

माझ्या खेळात सहा बाजूंचे दोन फासे टाकून बेरजेत कौशल्याचे गुण मिळवायचे आणि ९ किंवा अधिक झाले की काम फत्ते, असा मूळ नियम आहे. 'अ‍ॅट लीस्ट' (म्हणजे 'किमान इतके') हा पर्याय निवडून तो तपासला, तेव्हा कौशल्य शून्य असताना यशाची शक्यता २७.७८ टक्के निघाली. पुढे एका गुणाला ४१.६७, दोन गुणांना ५८.३३, तिनांना ७२.२२ आणि चारांना ८३.३३. दुसरा गुण शेकडा जवळजवळ १७ ची भर घालतो आणि चौथा जेमतेम ११ ची, तरीही मी दोन्हींची किंमत सारखीच ठेवली होती. माझे खेळाडू एका कौशल्यात दोन गुण झाले की दुसऱ्या कौशल्याकडे का वळत होते, याचा उलगडा मला या तक्त्यावरून झाला.

खरा उपयोग झाला तो मदतीच्या नियमात. प्रत्येक मदतनिसामागे बेरजेत एक मिळवायचा, असे मी ठरवले होते. चार गुणांच्या पात्राला तिघे मदतीला आले, की फाशांवर २ पडले तरी पुरे, म्हणजे अपयश अशक्य. मग फासे टाकायचे तरी कशाला? त्याऐवजी मदतनीस कितीही असोत, तीन फासे टाकून मोठे दोन धरायचे, ही मांडणी करून पाहिली. शून्य कौशल्याचे पात्र २७.७८ वरून ५२.३१ टक्क्यांवर पोहोचले, चार गुणांचे ८३.३३ वरून ९४.९१ वर. नवख्याला भक्कम आधार मिळतो आणि मुरलेल्यालाही धाकधूक राहते. मला हेच हवे होते, आणि केवळ अंदाजाने मी येथवर आलो नसतो.

आज्ञा इंग्रजीतच लिहाव्या लागतात. साध्या आज्ञा तासाभरात हाताशी येतात. स्वतःचे फंक्शन, म्हणजे नाव देऊन पुन्हा वापरता येणारा आज्ञांचा संच, लिहिताना मात्र प्रत्यक्ष पडलेली दाने हवी आहेत की सगळ्यांची बेरीज, हे स्पष्ट सांगावे लागते, आणि नवशिक्याची गाडी बहुधा इथेच अडते. सहा पडल्यावर फासा पुन्हा टाकायचा असेल, तर 'एक्स्प्लोड' ही आज्ञा आपण वेगळे सांगितले नाही तर दोन वेळाच पुन्हा टाकते, म्हणून सरासरी ४.२ ऐवजी ४.१८ दिसते. हा फरक क्षुल्लक आहे, पण माहीत असलेला बरा. खूप फाशांची गुंतागुंतीची गणना ५ सेकंदांच्या मर्यादेत बसत नाही. अशा वेळी मी फासे कमी करून कल पाहतो.

लिहिलेल्या गणनेची लिंक तयार करता येते. माझ्या नियमवहीत प्रत्येक नियमापुढे आता ती लिंक असते, त्यामुळे एखादा आकडा बदलावा असे कोणी सुचवले, तर आम्ही आधी तो तिथे बदलून पाहतो आणि मगच वहीत खाडाखोड करतो.