जुन्या पिकअपचे स्टार्टिंग आणि हीटिंग : आळेफाट्याजवळच्या एका गॅरेजचा अनुभव

आमची पिकअप आम्ही दोन वर्षांपूर्वी जुनी म्हणून घेतली. चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, हौद्याची लाकडी फळी बदललेली, मीटरवर 1,80,000 किलोमीटर. ओतूर परिसरातून कल्याणच्या बाजारात भाजीपाला नेणे आणि रिकामी कॅरेट घेऊन माळशेज घाटाने परत येणे, एवढेच तिचे काम. पहिला हिवाळा सुरू झाला तसे तिचे दोन आजार एकदमच उघडे पडले. पहाटे साडेतीनला सेल्फ मारला की इंजिन जड फिरायचे, तीनचार आचके देऊन थांबायचे, आणि मग घरातल्या चौघांनी थंडीत धक्का द्यायचा. दुसरीकडे परतीच्या वाटेवर टोकावडे मागे पडून खरा चढ लागला की गाडी रिकामी असूनही तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकायचा.

सुरुवातीला आम्ही गाडी जवळच्याच एका गॅरेजमध्ये नेली. तेथे काहीही न मोजता बॅटरी गेली असे सांगण्यात आले; नवी बॅटरी घातली. आठ दिवसांनी पुन्हा तेच झाले, तेव्हा सेल्फ उघडून त्याचे कार्बन आणि बुश बदलले. तिसऱ्या खेपेला, गरम होण्याच्या तक्रारीवर, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे झाकण म्हणजे हेड, यांच्यामधील सील) उडाले असून हेड उतरवावे लागेल आणि 28,000 रुपये खर्च येईल असा अंदाज मिळाला. तोवर बॅटरी आणि सेल्फवर साडेनऊ हजार रुपये गेलेले होते. टोमॅटोचा भाव पडलेल्या महिन्यात ही रक्कम किती मोठी असते, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही.

एका ट्रकचालकाच्या सांगण्यावरून मग आम्ही आळेफाट्याजवळ, कल्याण रस्त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमधील गॅरेजमध्ये गेलो. तेथील मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी बराच वेळ नुसती विचारपूस केली : सकाळीच अडते की गरम असतानाही, धूर पांढरा येतो की काळा, पाणी किती दिवसांनी कमी होते, ऑइलचा रंग कसा आहे. त्यांनी गाडी रात्रभर तेथेच ठेवून घेतली आणि मला सकाळी सहाला यायला सांगितले, कारण थंड इंजिनाचा दोष थंड इंजिनावरच दिसतो. याआधीच्या तीन खेपांत हा साधा विचार कोणीही केलेला नव्हता.

सकाळी त्यांनी मल्टिमीटर लावला. बॅटरी स्थिर असताना 12.6 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे ती पूर्ण चार्ज होती. त्यानंतर त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी थेट इंजिनाच्या धातूवर धरली आणि मला सेल्फ मारायला सांगितला. जिथे काटेकोर पाहिले तर पाव व्होल्टच्या आसपासच फरक दिसायला हवा, तिथे मीटरवर 1.9 आकडा आला. बॅटरीतून निघालेला दाब सेल्फपर्यंत पोहोचण्याऐवजी वाटेतच खर्च होत होता. गिअरबॉक्सजवळची अर्थिंगची पट्टी, म्हणजे सेल्फचा करंट बॅटरीकडे परत नेणारी तारांची जोडणी, त्यांनी सोडवून हातात दिली, तेव्हा वरून धड दिसणारी ती पट्टी लगमध्ये (टोकाच्या धातूच्या कडीत) हिरवट भुकटी होऊन तुटत आलेली होती आणि तिच्या शेकडो तारांपैकी मोजक्याच तारा जोडलेल्या राहिल्या होत्या. त्याहून लक्षात राहिली ती अ‍ॅक्सिलरेटरची केबल. तिचे काळे आवरण एका ठिकाणी वितळून आतील पोलाद दिसत होते, कारण अर्थिंगची वाट बंद झाल्याने सेल्फचा प्रचंड करंट त्या बारीक केबलमधून परतीचा मार्ग शोधत होता. जंपरची एक तार निगेटिव्ह टर्मिनलवरून इंजिनावर लावताच पहिल्याच सेल्फला इंजिन खणखणीत फिरले. थंड डिझेल इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणाऱ्या चार हीटर प्लगपैकी दोनही मेलेले निघाले. ते बदलल्यावर थंडीतील पांढरा धूर काही क्षणांतच विरतो.

गरम होण्याच्या तक्रारीवर त्यांनी अधिक वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून गाडी चालू केली आणि अर्धा तास पाण्याकडे पाहत राहिले. गॅस्केट उडालेले असते तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरून सतत बुडबुडे आले असते आणि होजपाइप थंडपणीच दगडासारखी ताठ झाली असती. तसे काहीही झाले नाही. पाणी मिसळले की ऑइल दुधाळ चहासारखे दिसते, पण ऑइलही तसे नव्हते. हेड उतरवण्याचा 28,000 रुपयांचा प्रश्न तेथेच मिटला.

खरा दोष निघाला तो थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेच्या जागी, कारण तेथे थर्मोस्टॅटच नव्हता. आधीच्या कोणीतरी तो काढून टाकला होता. थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि मीही तो बाळगून होतो. मिस्त्रींनी समजावले की या रचनेच्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा मार्गही बंद करतो. तोच नसेल तर पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनातच फिरतो. सपाटीवर ते निभावते, घाटात नाही. शिवाय हिवाळ्याच्या पहाटे इंजिन योग्य तापमानाला यायला उशीर होतो आणि डिझेल जास्त जाते. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी त्यांनी तो दोऱ्याला बांधून चहाच्या पातेल्यातील पाण्यात सोडला आणि तापमापीवर 82 अंशांच्या आसपास त्याची चकती हळूहळू उचलली जाताना मला दाखवली.

रेडिएटर बोअरच्या पाण्यातील क्षारांनी मधोमध तुंबलेला होता, आणि बाहेरच्या जाळीत चिखल व भुसा थापलेला होता. झाकणाची स्प्रिंग सैल झाली होती, हेही महत्त्वाचे, कारण झाकणाने सुमारे 0.9 बार दाब धरला तर पाणी 118 अंशांच्या आसपास उकळते, आणि दाब धरला नाही तर शंभरातच उकळून बाहेर पडते. यापुढे बोअरचे पाणी न घालता कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घालायचे, असे त्यांनी बजावले.

एकूण बिल 5,950 रुपये झाले : अर्थिंगची नवी केबल 350, दोन हीटर प्लग 900, थर्मोस्टॅट 650, झाकण 250, कूलंट 1,100, रेडिएटर धुणे 1,200 आणि मजुरी 1,500. काढलेले सगळे भाग त्यांनी न मागता पिशवीत घालून दिले.

काही उणिवाही आहेत. गाडी दोन दिवसांत देतो म्हणून चार दिवस लागले, आणि आमची एक खेप भाड्याच्या गाडीने करावी लागली. फोन सहसा उचलला जात नाही. बिल कच्च्या कागदावर मिळते. व्यवसायाच्या हिशेबासाठी पक्के बिल लागत असेल तर आधीच सांगून ठेवावे. बसायला सावलीची जागा नाही. ज्यांना त्याच दिवशी गाडी परत हवी आहे, त्यांची येथे अडचण होईल. परंतु ज्यांच्या जुन्या गाडीचा एकच दोष तीन ठिकाणी पैसे खर्चूनही कायम आहे, त्यांनी गाडी येथे आणावी असे मी मनापासून सांगेन.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या पहाटेही गाडी पहिल्या किंवा दुसऱ्या सेल्फला सुरू झाली, आणि घाट चढताना काटा मध्याच्या किंचित वर जाऊन थांबतो. पंख्याचा क्लच (इंजिन तापले की रेडिएटरचा पंखा जोरात फिरवणारा भाग) थोडा थकलेला असल्याचे मिस्त्रींनी तेव्हाच सांगितले होते. हिवाळ्यात तो चालेल, पण एप्रिलच्या आधी बदलावा, म्हणून मार्चच्या अखेरीस गाडी पुन्हा त्यांच्याकडे न्यायची आहे.