फांदी दोरावर उतरवायचं सामान: काय घ्यावं, काय दुकानातच सोडावं

लेबलवर ‘४ टन’ छापलेला दोर घेतला की काम झालं, असं धरून बरेच जण उरलेलं सामान हाताला लागेल ते घेतात: बांधकामावरची कप्पी, गिर्यारोहणाचा एखादा कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या झडपेची धातूची कडी) आणि दोर धरायला खाली बुंध्यालाच वेढे. अशा संचात दोर सगळ्यात भक्कम आणि बाकीचं कच्चं राहतं. हवं ते उलट. दोर झिजतो, नजरेला दिसतो, बदलता येतो. कप्पी आणि ती झाडाला टांगणारा दोराचा तुकडा, म्हणजे स्लिंग, मात्र त्याच्याहून निदान दुप्पट ताकदीची लागते. कारण साधं आहे. १०० किलोची फांदी कप्पीवरून लटकली की एका बाजूला फांदीचे १०० आणि दुसऱ्या बाजूला धरणाऱ्याचे जवळपास १००, असे २०० किलो कप्पीवर येतात. झटका बसला तर तोही दुप्पट होऊनच पोचतो.

दोरात आमची पसंती १२ ते १३ मिमीच्या दुहेरी विणीच्या पॉलिएस्टरला. आत एक वीण, वर दुसरी. तो तुटतो ४ टनांच्या आसपास, पण ठरवून वापरायचा त्याच्या दहाव्या हिश्शावर, म्हणजे ४०० किलोपर्यंत. नुसती गाठ मारली तरी ३० ते ५० टक्के ताकद जाते. पेड आत गुंफून केलेल्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या कायमच्या वळ्यात, ती फार कमी जाते, म्हणून एका टोकाला तयार डोळा असलेला दोर मिळत असेल तर तोच घ्यावा. तिपेडी नायलॉन स्वस्त आहे आणि झटकाही छान खातो, पण इतका ताणतो की फांदी ठरवल्यापेक्षा खाली येऊन छपरावर टेकते. ओला झाला की त्याची ताकदही घटते. पिवळा-निळा पॉलीप्रॉपिलीन दोर या कामाला नकोच. उन्हात ठिसूळ होतो आणि १६५ अंशांच्या आसपास वितळतो. पॉलिएस्टर वितळतो २५० अंशांच्या आसपास. घर्षणावर चालणाऱ्या कामात हा फरक थेट दिसतो. लांबी कप्पीच्या उंचीच्या दुप्पट, वर ८-१० मीटर गाठीला, वेढ्यांना आणि हातात राहायला. १५ मीटरवर कप्पी असेल तर ४० मीटर.

आता कप्पी. बांधकामाच्या कप्पीचं चाक लहान, आकडा उघडा, बाजू सैल. दोर चाक आणि पत्र्याच्या फटीत शिरला की फांदी अर्ध्यात अडकते. झाडकामाच्या खास कप्पीला, म्हणजे ब्लॉकला, दोन पिना असतात: खालच्या मोठ्या चाकावरून दोर जातो, वरच्या पिनेवरच्या गोलसर नळीवर, म्हणजे बुशावर, स्लिंग बसते. वरचा बुश असतो म्हणून स्लिंगला तीव्र वळण बसत नाही. चाकाचा व्यास दोराच्या निदान ४ पट हवा, ८ पट असेल तर उत्तम. स्लिंग आणि कप्पीच्या मधे कॅराबिनर घालू नये. झटक्याला तो खोडावर आडवा पडतो आणि ताण त्याच्या झडपेवर येतो. शिवाय त्याची ताकद २२ किलोन्यूटन असेल तर ती म्हणजे सुमारे २,२०० किलो. दहाव्या हिश्शाने २२०, आणि कप्पीवर दुप्पट भार येतो म्हणून फांदी फक्त ११० किलोची. हा हिशोब दुकानात कोणी सांगत नाही. स्लिंग १६ ते १९ मिमीची, एका टोकाला डोळा असलेली घ्यावी.

कप्पीऐवजी टांगायच्या, दोर ज्यांच्यातून घासत सरकतो अशा ॲल्युमिनियमच्या घर्षण-रिंगांचा सध्या बोलबाला आहे. हलत्या भागांची कटकट नाही, आणि घर्षणामुळे खालच्या माणसाच्या बाजूचा ताण कमी होतो, म्हणून टांगणीवरचाही. पण लांबलचक उतरवणीत दोर तापतो. हलक्या फांद्यांना रिंग, ओंडक्यांना ब्लॉक, असं आमचं मत.

बुंध्याला वेढे मारून उतरवणं फुकटात पडतं, पण साल सोलते आणि खडबडीत सालीवर दोर कधी सरकतो, कधी अडतो. पोर्टारॅप, म्हणजे बुंध्याला बांधून ज्यावर दोराचे वेढे घेतात ती धातूची नळी, इथे पैसे वसूल करतो. त्याची स्लिंग बुंध्याला खाली आणि करकचून बांधा. सैल राहिली तर भार येताच तो वर उसळतो. छोट्या फांदीला १ वेढा, जड ओंडक्याला ३. अंदाज हलक्या फांदीवर आधी घ्या, आणि दोर ओला असेल तर पुन्हा घ्या. वेढे जास्त झाले की ओंडका एकदम थांबतो आणि सगळा झटका कप्पीच्या फांदीला बसतो. दोर थोडा पळू देऊन मग हळूहळू आवळायचा. दोर हाताला गुंडाळायचा नाही, हातमोजे घातलेले असले तरी.

वजनाचा अंदाज कापायच्या आधीच लावा. ओलं लाकूड घनमीटरला ८०० ते १,१०० किलो भरतं. ३० सेंमी व्यासाचा १ मीटर ओंडका ७० किलोच्या आसपास, पण ४० सेंमी व्यासाचा दीड मीटर सरळ १९०. हा तुकडा कप्पीच्या वरून कापून खाली पडू दिला तर ताण वजनाच्या कितीतरी पट होतो आणि वरचा ४०० किलोचा हिशोब तिथे चालत नाही. दोन तुकडे करा. बांधताना सरकत्या बोलाइनच्या (ओढला की आवळणाऱ्या फासाच्या) जोडीला कापाच्या बाजूला एक अर्धी गाठ टाका, नाहीतर गुळगुळीत सालीवरून फास निसटतो.

दोर बाद कधी करायचा? चकचकीत वितळल्यासारखा पट्टा, हाताला कडक लागणारी जागा, चपटा भाग, किंवा आतली वीण बाहेर डोकावत असेल तेव्हा. फांद्यांवर वापरलेला दोर पुन्हा अंगाला बांधून चढायला घेऊ नये. दोन्ही दोरांचे रंग वेगळे घेतले तर घाईत चूक होत नाही.